‘माउंटन फिंच’ला ‘पहाडी चिमणी’ म्हणावं का?

प्रश्न असा आला आहे: लडाखच्या सहलीवर मराठीत टिपण लिहिताना ‘प्लेन माउंटन फिंच’ला ‘पहाडी चिमणी’ म्हटलं तर चालेल का? शिवाय जुन्या इंग्रजी पुस्तकांत ‘ब्रॅम्बलिंग’लाही ‘माउंटन फिंच’ म्हटलेलं सापडतं, मग हे दोन्ही पक्षी एकच का?

एकच नाहीत. आणि ‘चिमणी’ टाळा.

मोह होतो हे खरं. हा पक्षी समोर दगडावर बसला की पाठीवर तपकिरी रेघा, पंखावर फिकट पट्टे, बी फोडणारी जाड चोच. कुणालाही चिमणीची मादीच वाटेल. शेपटीच्या टोकाची खाच मात्र पाहून ठेवा, फरक तिथे दिसतो. आणि मुळात फिंचांचं कुल फ्रिंजिलिडी, तर चिमण्यांचं पॅसरिडी. चिमण्यांच्या जिभेत एक जादा हाड असतं, बी सोलताना जीभ ताठ राहावी म्हणून. फिंचांना ते नसतं.

गंमत पुढेच आहे. ‘स्नोफिंच’ नावाचे पक्षी याच उंच मुलखात राहतात. त्यांच्यातल्या एका प्रजातीचं (इंग्रजीत ‘जीनस’; एका प्रजातीत अनेक जाती येतात) शास्त्रीय नाव मॉन्टिफ्रिंजिला, म्हणजे लॅटिनमध्ये शब्दशः ‘पहाडी फिंच’. आणि हे पक्षी आहेत चिमण्यांच्या कुलातले! तेव्हा ‘पहाडी चिमणी’ हे नाव कुणाला द्यायचंच असेल, तर स्नोफिंचला द्या.

ब्रॅम्बलिंगचा घोळही याच शब्दाने केलाय. सजीवांना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत रुजवणाऱ्या लिनियसने 1758 मध्ये त्याला फ्रिंजिला मॉन्टिफ्रिंजिला म्हटलं आणि जर्मन लोक आजही त्याला ‘बेर्गफिंक’ म्हणतात. प्रत्यक्षात तो स्कँडिनेव्हियापासून सायबेरियापर्यंतच्या बर्चच्या आणि सूचिपर्णी जंगलांत घरटी करतो. फिंच आहे, पण चॅफिंच या युरोपातल्या फिंचच्या प्रजातीतला. नावातला डोंगर हा आपल्याकडच्या ‘-कर’ आडनावांसारखा समजा: दोन चौलकर एकमेकांचे भाऊबंद असतीलच असं नाही.

तुम्हाला दिसलेला प्लेन माउंटन फिंच ल्युकोस्टिक्ट प्रजातीचा. निसर्गअभ्यासक हॉजसनने 1836 मध्ये त्याला नाव दिलं नेमोरिकोला, म्हणजे ‘वनराईत राहणारा’. उन्हाळ्यात झाडं संपतात तिथून वर राहणाऱ्या पक्ष्याला! त्याहून उंचावर, अधिक उघड्याबोडक्या मुलखात त्याचा भाऊ ब्रँट्स माउंटन फिंच भेटतो. राखी अंगाचा, काळपट तोंडाचा. याच प्रजातीतल्या अमेरिकेतल्या पक्ष्यांना मात्र ‘रोझी फिंच’ म्हणतात, म्हणजे ‘माउंटन’ ही प्रजातीची खूणही नव्हे.

आणि सिलेमचा किस्सा तर सांगायलाच हवा. 1929 मध्ये डच काराकोरम मोहिमेत पक्षी-अभ्यासक सिलेम यांनी पाच हजार मीटरहून उंचावर दोन पक्षी नमुने म्हणून मारून घेतले. ते ब्रँट्स माउंटन फिंच समजून अ‍ॅमस्टरडॅमच्या संग्रहालयात ठेवले गेले. पक्षितज्ज्ञ रोझेलार यांना ते वेगळे वाटले आणि 1992 मध्ये त्यांनी नवी जाती जाहीर केली: सिलेम्स माउंटन फिंच. जिवंत पक्ष्याचे फोटो मिळाले थेट 2012 मध्ये, चीनच्या चिंगहाय प्रांतात. पुढे 2016 मध्ये डीएनए तपासला, तर तो माउंटन फिंच निघालाच नाही. तो रोझफिंच, म्हणजे कार्पोडॅकस प्रजातीतला. हिवाळ्यात सह्याद्रीत येणाऱ्या कॉमन रोझफिंचचा भाऊबंद. आता त्याला सिलेम्स रोझफिंच म्हणतात. जुनं क्षेत्रपुस्तक (फील्ड गाइड) वापरत असाल तर एवढी दुरुस्ती करून घ्या.

मग मराठीत काय लिहावं? ‘फिंच’ तसाच ठेवावा असं माझं मत. ‘मुनिया’ आणि ‘भारीट’ (बंटिंग) हे शब्द आपल्याकडे आधीच वेगळ्या कुलांतल्या पक्ष्यांना दिलेले आहेत, ते इथे ओढू नयेत. ‘डोंगरी’ म्हटलं की सह्याद्री डोळ्यांपुढे येतो आणि हा पक्षी महाराष्ट्रात येत नाही. ‘पहाडी मैना’ रुळलेली आहेच, त्याच चालीवर ‘साधा पहाडी फिंच’ चांगलं वाटतं. आणि जाता जाता: टिपणात ‘फिंचच्या दोन प्रजाती दिसल्या’ असं लिहिलंय, तिथे ‘जाती’ करा. मराठी परिभाषेत प्रजाती ही वरची पायरी. तिला जातीच्या जागी बसवण्याची सवय हिंदीतून आली आहे. तुमचे दोन्ही पक्षी, प्लेन आणि ब्रँट्स माउंटन फिंच, एकाच प्रजातीतले आहेत.