मायकोरायझा आणि ट्रायकोडर्मा केळीला एकत्र द्यावे का?

गुळाच्या पाण्यात दोन्ही एकत्र भिजवून चार-पाच दिवसांनी केळीला सोडायचं, यात ट्रायकोडर्मा मायकोरायझाला खाते का, असं तुम्ही विचारलंय. भाऊ, खाऊ शकते. तो ड्रम भरू नका.

मायकोरायझा ही मुळांशी जोडून राहणारी, झाडाला मदत करणारी बुरशी; ट्रायकोडर्मा ही दुसऱ्या बुरशीवर जगणारी बुरशी. ती समोरच्या तंतूला वेटोळं घालते, त्याच्या भिंतीतलं कायटिन विरघळवते आणि आतलं शोषून घेते. मर रोग आणणाऱ्या फ्युजॅरियम बुरशीशी आपल्याला तेच हवं असतं. पण कायटिन मायकोरायझाच्या तंतूतही असतं, आणि प्रयोगशाळेत ट्रायकोडर्मा हार्झियानम त्यात शिरताना दिसलेली आहे. हे तंतूच मुळांच्या पलीकडून स्फुरद आणि जस्त आणतात. तापीकाठच्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत स्फुरद आधीच अडकून बसतं, त्यामुळे ते गमावणं परवडत नाही.

शेतात मात्र एवढं नुकसान सहसा होत नाही. ट्रायकोडर्माला तिथे दुसरं खाद्य मिळतं आणि मुळाच्या आत शिरलेली मायकोरायझा बरीच सुरक्षित असते. ड्रममध्ये तसं नाही. गुळावर ट्रायकोडर्मा वाढते. मायकोरायझाला जिवंत मूळच लागतं, ती तिथे वाढतच नाही.

म्हणून लागवडीच्या वेळी फक्त मायकोरायझा द्या. दाणेदार असेल तर रोपामागे साधारण 20 ते 25 ग्रॅम, मुळांच्या गड्ड्याला चिकटेल अशी (बीजाणूंची संख्या उत्पादनागणिक बदलते, पाकीट वाचा). टिश्यूकल्चर रोपं निर्जंतुक माध्यमात वाढलेली असतात, त्यांना याचा जास्त उपयोग. तीन-चार आठवड्यांनी ट्रायकोडर्मा: 100 किलो कुजलेल्या शेणखतात 1 ते 2 किलो मिसळा, सावलीत ओल्या गोणपाटाखाली 10-15 दिवस ठेवा, मध्ये एकदा पालटा. आधी पांढरी, मग हिरवी बुरशी दिसली की खोडापासून वीतभर लांब टाका. रानात आधी मर आलेली असेल तर एवढं थांबू नका. हेच खत लागवडीच्या दोन आठवडे आधी मातीत मिसळा आणि मायकोरायझा मुळाशीच द्या.

माझ्या मते ट्रायकोडर्मापेक्षा जास्त घात कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची आळवणी आणि लागवडीच्या बेसल डोसमधलं भरमसाट डीएपी (स्फुरदाचं खत) करतं. आळवणी आणि या बुरशांत किमान 15 दिवस अंतर ठेवा. स्फुरद मुबलक मिळालं तर झाड मायकोरायझाला पोसतच नाही.

मुळांवर पांढरा कापूस दिसला म्हणजे मायकोरायझा लागली असं धरू नका, ती नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. खात्री हवी असेल तर जाड मुळं नकोत, दोऱ्यासारखी बारीक मुळं ओल्या कागदात गुंडाळून प्रयोगशाळेत द्या. रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात.