जावळातून लेक परत मिळेल का?

प्रश्न : माझ्या थोरल्या जावेचा एकुलता मुलगा दुचाकीच्या अपघातात गेला. त्याचं जावळ तिने चांदीच्या डबीत जपून ठेवलंय. मेंढीचं, म्हशीचं क्लोनिंग होतं, मग माणसाचंच का करू देत नाहीत, असं ती सारखं विचारते. सर, तिला काय सांगू?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : ताई, डबी तिच्याजवळच राहू दे, पण त्या केसांतून काही होणार नाही. क्लोनिंग म्हणजे एका जीवाच्या पेशीतून त्याच जनुकांचा दुसरा जीव घडवणं. त्याला शाबूत केंद्रक, म्हणजे जनुकं असलेला गाभा, असलेली पेशी लागते, ती कापलेल्या केसात नसते. पण कातडीच्या पेशी कुणी राखून ठेवल्या असत्या तर? तरीही परवानगी नसावी, असंच माझं ठाम मत आहे.

म्हापशाला जीवशास्त्र शिकवताना क्लोन केलेल्या डॉली मेंढीचं नाव निघालं की मी फळ्यावर आकडा लिहायचो : २७७ प्रयत्न, एक कोकरू. आपल्याकडे कर्नालला २००९ साली जन्मलेलं पहिलं क्लोन रेडकू काही दिवसांतच दगावलं. चीनमध्ये २१ माकडिणींच्या गर्भाशयांत क्लोन केलेले भ्रूण ठेवले, सहा गाभण राहिल्या, पिल्लं जगली दोन. तिथे माकडिणीच्या जागी एकेक बाई ठेवून बघा. एक मूल गमावलेल्या आईच्या नशिबी पुन्हा तेच यायचं का?

समजा, बाळ सुखरूप जन्मलं. २००१ साली टेक्सासात तिरंगी मांजरीचं क्लोन केलं, तर पिल्लाच्या अंगावर नारिंगी रंगच नव्हता. जनुकं तीच असून ही गत! इथे तर स्वभाव, आवाज, आवडीनिवडी. घरचे म्हणणार, 'चवथीला गणपतीवरची माटोळी तो बांधायचा, तू का नाही?' जुळी भावंडंही एकसारखीच असतात, असं काहीजण म्हणतात. पण जुळ्यांपैकी कुणी आधीच जगून गेलेलं नसतं. या मुलावर मात्र दुसऱ्याचं आयुष्य पुरं करायची सक्ती होईल, आणि त्याला विचारणार कोण?

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार क्लोनिंगने माणूस जन्माला घालायला मनाई आहे. उपचारांच्या संशोधनासाठी प्रयोगशाळेत क्लोनिंगने पेशी वाढवणं वेगळं. २००५ साली संयुक्त राष्ट्रांच्या क्लोनिंगबंदीच्या ठरावाने दोन्हींना एकाच दावणीला बांधलं, म्हणून भारताने विरोधात मत दिलं. मला ते पटतं.

'पुढेमागे तुमचा मुलगा परत देऊ' असं सांगून कुणी पैसे मागितले तर जावेला एक रुपयाही देऊ देऊ नका. असं मूल जगात कुठे जन्मल्याचा खात्रीलायक पुरावा आजवर मिळालेला नाही.