गाणाऱ्याने राजकारणात पडावं का?

प्रश्न: माझा लाडका गायक यंदा एका पक्षाच्या प्रचारगीतात दिसला आणि आमच्या घरात वाजलंच. बाबा म्हणतात गाणाऱ्याने गावं, नसत्या भानगडीत पडू नये. तुम्हाला काय वाटतं? आणि त्याची जुनी गाणी आता ऐकू की नको?
– एक वाचक, बार्शी

उत्तर: बार्शीहून हे विचारताय याची गंमत वाटली, कारण शाहीर अमर शेख तुमच्याच बार्शीचे, आणि ते या भानगडीत पडले नसते तर संयुक्त महाराष्ट्राच्या सभांना तो पहाडी आवाज कुठून मिळाला असता? आपल्याकडे सत्यशोधक जलसे घ्या, आंबेडकरी जलसे घ्या, ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यापर्यंत विचार पोचला तो गाण्यातूनच ना. १९४४ मध्ये अमर शेख, अण्णा भाऊ साठे आणि गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढलं, ते तर नावातच पक्ष सांगत होतं (लाल बावटा म्हणजे कम्युनिस्टांचा लाल झेंडा), लपवाछपवी नाही.

बाबांना अण्णा भाऊंची 'माझी मैना गावावर राहिली' ऐकवाच. छक्कड आहे, म्हणजे लावणीचाच एक प्रकार. आधी नुसतं मैनेचं रूप, पोटासाठी मुंबईला आलेल्या गड्याचा विरह, आपण त्यात पार गुंततो आणि मग पुढे बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव यायला लागतं, तेव्हा कळतं की ताटातूट या दोघांचीच नाहीये, मराठी मुलखाची पण आहे. यातलं राजकारण काढून बघा, गाणं लंगडं होतं, आणि विरह काढला तर उरते नुसती घोषणा. हल्लीच्या प्रचारगीतांचं तिथेच फसतं, नाव बदललं की तीच चाल समोरच्या उमेदवारालाही चालते!

बरं, गप्प राहून तरी सुटका होते का? किशोरकुमार कुठल्या पक्षाचा पुढारी नव्हता, पण आणीबाणीत सरकारच्या प्रचाराला नाही म्हणाला आणि १९७६ मध्ये आकाशवाणी-दूरदर्शनवर त्याची गाणी बंद झाली.

म्हणून मी एवढंच बघते की गाणाऱ्याने स्वतःचं काय पणाला लावलं. तुमच्या गायकाने मानधन घेऊन गायलं असेल तर तो धंदा झाला, त्यात गुन्हा काही नाही पण त्याला भूमिका वगैरे म्हणू नका. मनापासून पटलं म्हणून गायला असेल तर तो त्याचा हक्क, तुम्ही मत तुम्हाला हवं त्याला द्या. जुनी गाणी खुशाल ऐका हो, आणि ते प्रचाराचं गाणं निकाल लागल्यावर तसंही कोण लावतंय.