ओपन कॉल नेहमी खालून वर वाचायचा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. चार वर्षं घरी ॲक्रिलिक करताय, आता काम बाहेर, ओपन कॉलना (म्हणजे कुणीही काम पाठवा अशा जाहीर आवाहनांना) पाठवायचंय आणि समोर तीन गोष्टी आहेत. एक ऑनलाइन चित्रस्पर्धा, बक्षीस घसघशीत आणि दर चित्रामागे फी. दुसरी एक ईमेल, की आमच्या क्युरेटरना तुमचं काम फार आवडलं, तुमची निवड झालीय, फक्त भिंतीचं भाडं तेवढं तुम्ही भरायचं. आणि तिसरं, एका वाचनालयाच्या बाहेरच्या भिंतीवरचं म्युरल, म्हणजे भित्तिचित्र, तिथल्या मुलांना आणि रहिवाशांना सोबत घेऊन करायचं, मानधन बेताचं. यातलं घ्यावं काय, आणि असल्या संधी खऱ्या की खोट्या हे ओळखायचं कसं.

मी बावीस वर्षं हे करतेय, हो पेक्षा नाहीच जास्त वेळा ऐकलंय, आणि तीनदा निवड समितीवरही बसलेय, त्यामुळे उत्तर लांबणार आहे, सावकाश वाचा.

ईमेल आत्ताच डिलीट करा. अहो, तुम्ही अर्जच केला नाहीत तर निवड कशाची झाली? अशा गॅलऱ्यांचं उत्पन्न चित्र विकून येत नाही, चित्रकाराकडून येतं, त्यामुळे तुमचं चित्र विकलं गेलं काय नि न गेलं काय त्यांना काही फरक पडत नाही, भाडं आधीच खिशात असतं. खात्री करायचीच असेल तर उलट मेल टाका की मागच्या प्रदर्शनात किती कामं विकली गेली, मग बघा विषय कसा बदलतो ते. याचाच एक चुलतभाऊ असतो तोही सांगून ठेवते, कुणीतरी अनोळखी माणूस लिहितो की बायकोला वाढदिवसाला तुमचं चित्र द्यायचंय, किंमत अजिबात घासाघीस न करता मान्य करतो, ठरल्यापेक्षा जास्त रकमेचा चेक पाठवतो आणि म्हणतो वरचे पैसे माझ्या ट्रान्सपोर्टवाल्याला द्या. चेक काही दिवसांनी परत येतो, तुमचे पैसे गेलेले असतात.

आता स्पर्धा. लोक जाहिरात वरून वाचायला लागतात, बक्षिसाचा आकडा, ज्युरीचे फोटो, डेडलाइन, आणि तिथेच फॉर्म भरायला घेतात. मी खालून वर वाचते. सगळ्यात खाली बारीक अक्षरात हक्कांचं कलम असतं, तिथे एकच शब्द शोधायचा, "विजेत्या प्रवेशिका" लिहिलंय की "सर्व प्रवेशिका". सर्व प्रवेशिकांचा कायमस्वरूपी, विनामोबदला, कुठेही वापर करण्याचा हक्क आयोजकांना, असं असेल तर ती स्पर्धा नाहीच, एका बक्षिसाच्या पैशात हजारो चित्रांचा साठा गोळा करायची युक्ती आहे. मी शिकले ती पोळून शिकले. सुरुवातीला एका ठिकाणी चित्र पाठवलं, बक्षीस सोडा, शेवटच्या फेरीतही नव्हतं, आणि दोन वर्षांनी तेच चित्र त्यांच्या कॅलेंडरवर, नाव नाही काही नाही. फोन केला तर त्यांनी शांतपणे कलम नंबर सांगितला आणि कलम खरंच होतं हो, सही माझीच. रास्त कलम कसं असतं, तर निवडलेली कामं फक्त या प्रदर्शनाच्या प्रसिद्धीसाठी, कलाकाराच्या नावासकट, ठराविक काळापुरती वापरू. एवढं द्यायला कुणाची हरकत नसावी.

मग एक पायरी वर. निवड झाली तर चित्र पोचवायचा खर्च कुणाचा, परत आणायचा कुणाचा (हा दुसरा भाग हमखास लिहिलेला नसतो), विमा तुमच्या दारापासून आहे की फक्त त्यांच्या हॉलमध्ये असताना. फ्रेम बंधनकारक आहे का. मोठ्या कॅनव्हासची खोकी बनवून दोन्ही बाजूंची वाहतूक स्वतः केली तर निवड होऊनही आपण तोट्यात, हे मला पहिल्या निवडीच्या आनंदात कळलंच नव्हतं. त्याच्या वर पात्रतेच्या अटी, चित्र किती वर्षांच्या आतलं हवं, आधी कुठे दाखवलेलं चालतं का, आणि हल्ली एआयबद्दलचं कलम. २०२३ मध्ये सोनी वर्ल्ड फोटोग्राफी अवॉर्ड्समध्ये बोरिस एल्डागसेन या छायाचित्रकाराने एआयने बनवलेल्या प्रतिमेला मिळालेला पुरस्कार स्वतःच नाकारला, तेव्हापासून हा विषय ऐरणीवर आहे. रेफरन्ससाठी एआय वापरलं असेल तरी प्रामाणिकपणे लिहा, नंतर निघालं तर फार वाईट दिसतं.

मग ज्युरी कोण ते बघा. नावंच नसतील तर सोडून द्या. बक्षीस सगळ्यात शेवटी वाचायचं, तोवर निम्मे कॉल गळालेले असतात.

फी घेतली म्हणजे फसवणूक असं मात्र नाही. हॉल, वेबसाइट, परीक्षकांचं मानधन, हे कुठून तरी यायला लागतं. मी वर्षाच्या सुरुवातीला फीसाठी एक रक्कम बाजूला काढते, ती संपली की त्या वर्षी फक्त फुकटचे कॉल, मग कितीही मोह होऊ दे. तुम्ही विचारलेल्या स्पर्धेच्या जाहिरातीत खाली स्पष्ट "सर्व प्रवेशिका" लिहिलंय, म्हणून माझ्याकडून तिला नाही. वाईट वाटून घेऊ नका, खरंच खुली प्रदर्शनं जगात आहेत आणि फार जुनी आहेत, लंडनच्या रॉयल अकॅडमीचं उन्हाळी प्रदर्शन १७६९ पासून दरवर्षी भरतंय आणि तिथे कुणीही काम पाठवू शकतं. (खुलं म्हणजे किती खुलं हा प्रश्न मात्र उरतोच. १९१७ साली न्यूयॉर्कमध्ये एका संस्थेने जाहीर केलं की आमच्याकडे ज्युरी नाही, फी भरा आणि मांडा. मार्सेल द्यूशाँ या कलाकाराने आर. मट या खोट्या नावाने चिनीमातीचं युरिनल पाठवलं, फी भरून. मांडलं नाही! म्हणजे ज्युरी नसलेल्यांकडेही ती पडद्याआड असतेच.)

"माझ्या बायोडेटात काहीच नाही" असं तुम्ही लिहिलंय, त्यावर जरा थांबते कारण हे सगळेच म्हणतात. ज्या कॉलमध्ये नावं झाकून परीक्षण होतं तिथे बायोडेटा कुणी बघतच नाही, तुम्ही सुरुवात तिथूनच करा. वॉशिंग्टनच्या व्हिएतनाम युद्धस्मारकाची स्पर्धा आठवा, १९८१, एकूण १४२१ प्रवेशिका, नावांऐवजी नंबर, आणि निवडली गेली १०२६ नंबरची, ती होती माया लिन नावाच्या २१ वर्षांच्या विद्यार्थिनीची. तेच डिझाइन तिने कॉलेजात वर्गकामासाठी केलं होतं आणि तिथे तिला बी ग्रेड मिळाली होती. मला त्यातली सगळ्यात कामाची गोष्ट वेगळीच वाटते, तिने नंतर सांगितलंय की डिझाइन करण्यापेक्षा सोबतचा मजकूर लिहायला तिला जास्त वेळ लागला. पेस्टलमधली ती चित्रं अगदी साधी आहेत, जमिनीत उतरणारी काळी भिंत म्हणजे नेमकं काय आणि माणूस तिच्याजवळून चालत जाताना काय होईल, हे तो मजकूर सांगतो.

आणि आपण काय करतो? डेडलाइनच्या रात्री स्टेटमेंट, म्हणजे अर्जासोबतचा आपल्या कामाबद्दलचा मजकूर, लिहितो. समितीवर बसले तेव्हा "मानवी अस्तित्वाच्या गूढ गाभ्याचा शोध" हे एका दुपारी तीन वेगवेगळ्या लोकांच्या अर्जात वाचलं, तिसऱ्या वेळी आम्हाला सगळ्यांना हसू आलं, आणि बिचाऱ्याचं काम खरं तर बरं होतं. काय रंगवता, कशाने, एवढंच मोठं किंवा लहान का, कुठून सुरू झालं, एवढं साध्या वाक्यांत लिहा. मोठ्याने वाचा, लाज वाटली तर खोडा.

फोटोंबद्दल तर मी भांडू शकते. पहिल्या फेरीत एका चित्राला काही सेकंद मिळतात, ज्युरी तुमचं चित्र नाही तुमचा फोटो बघत असते, आणि लोक फ्लॅश मारून, वाकडा, मागे पंखा नि पडदा दिसतोय असा फोटो पाठवतात. एका फोटोत खाली पायाची बोटं होती! ढगाळ उजेडात किंवा सावलीत, फ्रेम-काच काढून, कॅमेरा चित्राच्या बरोब्बर मध्यासमोर धरून काढा, कडा सरळ कापा, रंग मूळ चित्र शेजारी ठेवून जुळवा. आणि आठ फोटो मागितले तर आठ माणसांनी काढल्यासारखी आठ चित्रं नकोत. एक निसर्गचित्र, एक पोर्ट्रेट, एक ॲबस्ट्रॅक्ट असा नमुन्यांचा डबा दिला की ज्युरीला कळत नाही तुम्ही कोण. पाच एकसारख्या विचाराची असतील तर पाचच द्या, सगळ्यात चांगलं पहिलं, त्याखालचं शेवटचं.

बाकी कारकुनी: एक एक्सेल शीट ठेवा, कुठे काय पाठवलं, निकाल कधी, कारण एकच चित्र दोन ठिकाणी निवडलं गेलं की एका ठिकाणी तोंड लपवायला लागतं. डेडलाइन कुठल्या टाइम झोनची ते बघा. शेवटच्या दिवशी साइट लटकते, ती नेहमीच लटकते.

पुढे कधीतरी सार्वजनिक कामांचे कॉल दिसतील, सरकारी इमारती, स्टेशनं वगैरे. बऱ्याच देशांत बांधकामाच्या खर्चातला साधारण एक टक्का कलेसाठी राखायचा नियम असतो, फ्रान्समध्ये १९५१ पासून आहे, फिलाडेल्फिया शहराने १९५९ मध्ये केला. तिथे दोन जाती ओळखायच्या, एक फक्त आधीची कामं मागतात, दुसरे थेट पूर्ण डिझाइन मागतात. पहिल्या जातीला बिनधास्त पाठवा. दुसऱ्यात पन्नास जण महिना महिना फुकट राबतात आणि एकाला काम मिळतं. नीट चालवणारे लोक आधी तीन-चार जण निवडतात आणि मग त्यांना डिझाइनचे पैसे देतात.

आता तुमची भिंत, आणि मला विचाराल तर तिन्हीत हेच घ्या. पण हे चित्रकलेचं काम निम्मंच आहे हे धरून चाला. माझ्या पहिल्या कम्युनिटी म्युरलला मी पूर्ण रंगीत स्केच तयार करून नेलं होतं, मोठी निळी नदी, त्यात मासे, पोरं पोहतायत. बैठकीत सगळे गप्प. मग एक बाई म्हणाल्या, ही नदी दर दोन वर्षांनी आमच्या घरात येते, आता भिंतीवर पण आणताय का. स्केच गुंडाळलं. त्यानंतर पहिल्या बैठकीला मी कोरा कागदच नेते. यापेक्षा कितीतरी मोठ्या माणसांचंही असं झालंय, शिल्पकार रिचर्ड सेराचं टिल्टेड आर्क हे शिल्प न्यूयॉर्कमध्ये सरकारी कचेऱ्यांच्या चौकात १९८१ साली उभं राहिलं, १२० फूट लांब, १२ फूट उंच पोलादी भिंत, आणि रोज तो चौक ओलांडणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या विरोधानंतर १९८९ मध्ये कापून नेलं. शिल्प म्हणून ते मला अजूनही आवडतं, पण त्या चौकात डबा खाणाऱ्यांना आधी कुणी विचारलं नव्हतं. याच्या उलट बघायचं तर म्युरल करणारी चित्रकार ज्यूडी बाका. लॉस एंजेलिसमध्ये पूर नियंत्रणासाठी बांधलेल्या कालव्याच्या भिंतीवर तिने १९७६ मध्ये काम सुरू केलं, काही उन्हाळ्यांत मिळून ४०० हून जास्त तरुण पोरापोरींनी रंगवलं, २७५४ फूट लांब झालं, आणि त्यातली बरीच पोरं पोलीस-कोर्टाच्या फेऱ्यांतून आलेली होती.

मुलांकडून रंगवून घ्यायचं म्हणजे दोन सोप्या पद्धती आहेत. एक, भिंतीवर चौकटी आखून आकारांत नंबर टाकायचे आणि रंगांच्या डब्यांवर तेच नंबर. दुसरी, पॅराशूट क्लॉथ म्हणतात त्या पातळ न विणलेल्या कापडावर तुकड्या-तुकड्यांनी आत बसून रंगवायचं आणि नंतर भिंतीवर चिकटवायचं, फिलाडेल्फियाच्या म्युरल आर्ट्स या संस्थेचे लोक असं खूप करतात, म्हणजे वर चढू न शकणारी म्हातारी माणसं, आजारी माणसंसुद्धा रंगवू शकतात आणि पोरांना परांचीवर चढवायचा प्रश्न मिटतो. शेवटचा हात तुम्ही फिरवणार हे पहिल्याच दिवशी सांगा, नाहीतर कुणाच्या तरी लाडक्या फुलावर तुमचा ब्रश फिरला की रडारड होते. मुलांचे फोटो टाकायच्या आधी पालकांची लेखी परवानगी.

मानधन बेताचं आहे म्हणता, तर त्यात साहित्य धरलंय का ते आधी विचारा. मानधन, रंग-साहित्य, परांची, विमा या चार वेगळ्या ओळी हव्यात आणि वर दहा टक्के सोडून ठेवलेले. बैठकांचे तासही मोजा, मी कित्येक वर्षं मोजले नाहीत. आणि करारात दोन गोष्टी लिहून घ्या, रंग उडाले तर दुरुस्ती कोण करणार आणि कधी पुसायचं झालं तर किती दिवस आधी कळवणार. न्यूयॉर्कच्या फाइव्ह पॉइंट्झ इमारतीवरची चित्रं मालकाने २०१३ मध्ये रातोरात पांढरी केली होती, २०१८ मध्ये कोर्टाने २१ कलाकारांना मिळून ६७.५ लाख डॉलर द्यायला लावले, पण तिथे कलाकाराच्या कामाची नासधूस रोखणारा १९९० चा कायदा पाठीशी होता. सगळीकडे तसा असेलच असं नाही, म्हणून कागदावर हवं.

सही करण्याआधी ती भिंत स्वतः जाऊन बघा, आणि शक्य असेल तर पाऊस पडून गेल्यावर बघा. हाताने चोळून पांढरी भुकटी येते का, खालून किती फुटांपर्यंत ओल चढलीय, वरून पाइप गळतोय का. माझी एक भिंत सहा महिन्यांत पापडासारखी सुटली ती याचमुळे, चांगले रंग होते, प्रायमर होता, ओल कुणी बघितली नव्हती. ओल असेल तर आधी ती बंद करून द्या म्हणावं, मग सही.