समुद्र बघूनच विमानात बस

प्रश्न : सुमनताई, सप्रेम नमस्कार. माझं वय २३. लॉजिस्टिक्समध्ये एम.एस. करायला हॅम्बुर्गला निघाले आहे. विमान सप्टेंबरअखेरीस मुंबईहून, रात्री अडीचचं. बाबांचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. ते म्हणतात, त्याच दिवशी गाडी करून थेट विमानतळ गाठू, मुंबईत उगाच कशाला थांबायचं? मला मात्र दोन दिवस आधी जावंसं वाटतं. मी अजून समुद्र पाहिलेला नाही. दोन दिवसांत काय बघावं, आणि बाबांना कसं पटवावं?
– एक वाचक, अक्कलकोट रोड, सोलापूर

उत्तर : बाळ, दोन दिवस आधीच जा. आणि बाबांना पटवत बसू नकोस, त्यांना बरोबर घेऊन जा.

१९८६ साली माझा थोरला भाऊ शिकायला इंग्लंडला गेला. आम्ही सोलापुरातून जीप करून निघालो ते थेट विमानतळावर. सहा तास बाकावर बसून राहिलो, आईने दशम्या सोडल्या, आणि तो आत गेला. त्याच्या पहिल्या पत्रात शेवटची ओळ होती, 'मुंबईचा समुद्र बघायचा राहिला.' त्या ओळीवर आई बरेच दिवस हळहळत होती. म्हणून तुझं पत्र आलं तसं लगेच उत्तर लिहायला घेतलं.

रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने निघा, सकाळी सीएसएमटीला उतराल. पहिल्याच दिवशी गेटवे गाठायचं आणि घारापुरीची लाँच धरायची. सोमवारी लेणी बंद असतात, तेवढं बघून दिवस ठरव. समुद्र खवळलेला असला तर लाँच सुटत नाहीत, म्हणून हे काम दुसऱ्या दिवसावर ढकलू नकोस. जायला तासभर लागतो.

लाँचमध्ये चढण्याआधी धक्क्याच्या दगडी पायऱ्यांपाशी थांब आणि कितव्या पायरीपर्यंत पाणी आहे ते मोज. ओल्या पायरीवर हिरवं शेवाळ असतं, तिथे पाय देऊ नकोस. दुपारी परत आलीस की पुन्हा मोज. सकाळी बुडालेल्या चार-पाच पायऱ्या उघड्या पडलेल्या दिसतील, किंवा उघड्या होत्या त्या पाण्याखाली गेलेल्या. सुमारे सव्वासहा तासांत भरतीची ओहोटी होते आणि वेळ रोज पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकते. उधाणाला मुंबईत भरतीची उंची साडेचार मीटरच्या वर जाते. हे मी वर्गात फळ्यावर चंद्र-सूर्य काढून वर्षानुवर्षं शिकवलं, पण आम्हा सोलापूरकरांना पाणी म्हणजे सिद्धेश्वर तलाव किंवा उजनी. जागच्या जागी वर-खाली होणारं पाणी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय खरं वाटत नाही. तुला तर ते पाहायलाच हवं. हॅम्बुर्ग समुद्रापासून शंभरेक किलोमीटर आत, एल्बे नदीच्या काठी आहे, तरी तिथल्या बंदरातही भरती-ओहोटी होते. तू शिकणार आहेस त्या विषयात जहाजाची वेळ, धक्क्याची वेळ असं सगळं या पाण्याला धरून चालतं.

घारापुरीला लेणी बघाच, त्रिमूर्तीसमोर दहा मिनिटं शांत उभे राहा. पण तिथेच थांबू नका. वरच्या टेकडीवर जुनी तोफ आहे, तिथपर्यंत चढा. पलीकडे न्हावा-शेव्याचं बंदर दिसतं, उंच क्रेन आणि कंटेनरच्या थप्प्या. १९८९ पासून चालू असलेलं हे बंदर. आपल्या सोलापूरचे टॉवेल परदेशी जातात ते इथूनच. ते बाबांना दाखव. आयुष्यभर मागावर विणलेला माल कुठून बोटीत चढतो, हे आपल्याकडच्या किती कारखानदारांनी प्रत्यक्ष पाहिलं असेल? 'मुंबईत कशाला थांबायचं' या प्रश्नाचं उत्तर त्यांना त्या टेकडीवर मिळेल असं मला मनापासून वाटतं.

दुसरा दिवस फोर्टात पायी. एशियाटिकच्या पायऱ्या, हॉर्निमन सर्कल, राजाबाई टॉवर, काळा घोडा, मग वस्तुसंग्रहालय. यादी पुरी करायचा हट्ट नको, जे राहील ते राहू दे. मात्र रस्ता तू शोधायचास, लोकलचं तिकीट तू काढायचंस, बेस्टच्या बसमध्ये विचारपूस तू करायचीस आणि बाबांनी मागून चालायचं. महिन्याभरात तुला हेच एकटीने, परक्या भाषेत करायचं आहे. इथे चुकलीस तर मराठीत विचारता येईल. संध्याकाळी मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बस. तिथे काय करायचं ते कोणी सांगायला लागत नाही.

एक महत्त्वाची गोष्ट. रात्री अडीचचं विमान म्हणजे तिकिटावर पुढची तारीख असते. २७ तारीख छापली असेल तर २६च्या रात्री दहा-साडेदहापर्यंत विमानतळावर पोचायचं. या घोळात विमान चुकलेली मुलं मला माहीत आहेत. मोठ्या बॅगा कुलूप लावून मुक्कामाच्या जागी ठेवा, त्या ओढत फिरू नका.

आणि सोलापूर सोडण्याआधी अर्धा तास काढून भैय्या चौकात डॉ. द्वारकानाथ कोटणीसांच्या घरी जाऊन ये. १९३८च्या सप्टेंबरात, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, चार डॉक्टर सोबत्यांबरोबर ते याच मुंबई बंदरातून बोटीने चीनला निघाले, जखमी सैनिकांवर उपचार करायला. लाँच गेटवेपासून लांब गेली की मागे वळून शहराकडे बघ. सोलापूरच्या त्या मुलाने बोटीवरून मुंबई अशीच मागे पडताना पाहिली असेल. हॅम्बुर्गहून मला चार ओळींचं पत्र लिही, पायऱ्या किती मोजल्यास तेही कळव.