‘टक्क्यांनी’ की ‘टक्क्यांवर’? आणि शेकड्याचं काय?

प्रश्न असा आला आहे: ‘तुपावरचा जीएसटी ५ टक्क्यांवर’ आणि ‘तूप ७ टक्क्यांनी स्वस्त’ असे दोन मथळे वाचले. दोन्ही बरोबर आहेत का? शिवाय घरातली जुनी माणसं ‘शेकडा’ म्हणतात आणि आपण ‘टक्के’. ते एकच ना?

पहिला मथळा बरोबर. दुसरा थोडक्यात चुकला, आणि तो कुठे चुकला ते पाहण्यासारखं आहे.

२२ सप्टेंबर २०२५ पासून तुपावरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. ‘-वरून, -वर’ ही जोडी जिन्याची आहे: कुठल्या पायरीवरून कुठल्या पायरीवर. ‘-ने, -नी’ म्हणजे मधल्या पायऱ्या किती, ते. कर ‘पाच टक्क्यांवर आला’ म्हणजे पाच उरले. ‘पाच टक्क्यांनी उतरला’ म्हणजे बारातून पाच गेले, सात उरले. एवढासा प्रत्यय बदलला की पैसे बदलतात.

आता ‘सात टक्क्यांनी’. कराचा दर सात टक्क्यांनी उतरला हे खरंच आहे. पण मथळा तुपाबद्दल बोलतोय. तुपाची करापूर्वीची किंमत १०० रुपये धरा. आधी गिऱ्हाईक ११२ मोजत होतं, आता १०५ मोजतं. वाचले सात रुपये, पण ते ११२ मधले. सातला ११२ ने भागा: सव्वासहा टक्के. म्हणजे दुकानदाराने करातली सगळी सूट पुढे दिली तरी तूप सव्वासहा टक्क्यांनीच स्वस्त होतं. आणि कुणी म्हणालं की सरकारचा एका डब्यावरचा कर जवळजवळ अठ्ठावन्न टक्क्यांनी घटला, तर तेही खोटं नाही, कारण बाराचे पाच झाले. एकाच डब्याचे तीन आकडे, तिन्ही खरे. फक्त प्रत्येकाला विचारायचं: टक्के कशाचे? दराचे, किमतीचे की कराच्या रकमेचे? मथळ्यात हा ‘चा-ची-चे’ गाळला की घोटाळा झालाच.

दराची वजाबाकी वेगळी दाखवायला हल्ली ‘टक्केबिंदू’ हा शब्द वापरतात. अर्थशास्त्राच्या लेखात ठीक आहे. रोजच्या बोलण्यात मला त्याची गरज वाटत नाही. रिझर्व्ह बँकेने जून २०२५ मध्ये रेपो दर अर्ध्या टक्क्याने उतरवून साडेपाच टक्क्यांवर आणला, या वाक्यात दोन्ही प्रत्यय आहेत आणि सहाचा अर्धा टक्का काढायला कुणीही बसत नाही.

शेकड्याकडे येऊ. हिशेबात ‘शेकडा पाच’ आणि ‘पाच टक्के’ एकच. पण शेकडा ही आधी मोजणी आहे. बाजार समितीत कोथिंबिरीचे भाव अजून शेकडा जुड्यांवर निघतात, कडबाही शेकडा पेंढ्यांनी विकला जातो. तिथे टक्के म्हणून चालणार नाही. टक्का मुळात नाणं: संस्कृत टंक, त्यावरून टका, आणि टंकशाळेची टाकसाळ. बांगलादेशाचं चलन याच घराण्यातलं. ‘शेकड्याला दोन टके’ म्हणता म्हणता शेकडा गळून पडला आणि नाण्यालाच प्रमाणाचा अर्थ चिकटला, असं मला वाटतं. गुजरातीतही टकाच म्हणतात, कन्नडमध्ये मात्र शेकडा. आपण मधे राहतो म्हणून की काय, आपल्याकडे दोन्ही. (‘टक्केटोणपे’ याच्यात आणू नका. तिथला टक्का म्हणजे धक्का.)

एक धोका मात्र आहे. शाळेत ‘द.सा.द.शे.’ शिकवतात: दर साल दर शेकडा. मी लहानपणी बरेच दिवस ‘दसादशे’ हा एकच शब्द समजत होतो. पण गावात सावकाराकडून ‘तीन टक्क्याने काढले’ म्हणतात तेव्हा दर साल नसतो, दर महिना असतो. वर्षाचे छत्तीस. ऐकणाऱ्याला बँकेची सवय असेल तर तो ‘अरे, स्वस्तच की’ म्हणून मोकळा होतो.

टक्का रुळण्याआधी सामान्य माणूस प्रमाण आण्यांत सांगायचा, कारण रुपया सोळा आण्यांचा होता. ‘सोळा आणे खरं’ हे तिथलंच. पीक किती आलं याच्या सरकारी अंदाजाला आणेवारी म्हणत. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि पुढे आणेवारीची पैसेवारी झाली. आजही ‘अमुक गावांची पैसेवारी ५० पैशांखाली’ अशी बातमी येते तेव्हा पैशांचा काही संबंध नसतो: पीक निम्म्याहून कमी, एवढाच अर्थ. टक्केवारी हे त्याच ‘-वारी’चं शहरी भावंड, फक्त तिला कंत्राटातल्या लाचेचा दुसरा अर्थ येऊन चिकटला.

आणि गंमत पाहा. ११२ मधले सात म्हणजे बरोबर सोळावा हिस्सा. जुन्या माणसाने ‘तूप रुपयामागे एक आण्याने उतरलं’ म्हटलं असतं. टक्क्यांत सव्वासहा सांगण्यापेक्षा ते सुटसुटीत नाही का?

जाता जाता, याच प्रश्नात खाली विचारलेलं: ‘दीड टक्का’ की ‘दीड टक्के’? दीड रुपया म्हणतो तसा दीड टक्का. सव्वा टक्काही तसाच. अनेकवचन पावणेदोनपासून सुरू होतं.