अंक नुसते ठेवा, बिंदू वेगळा नोंदवा

पाय, मायसेल-मर्टेन्स (अविभाज्य संख्यांच्या अभ्यासातला एक स्थिरांक) वगैरे स्थिरांकांचे अंक बेस (संख्यापद्धतीचा पाया) २, ३, १० आणि १६ मध्ये साठवायचेत, तर पूर्णांक आणि अपूर्णांक वेगळे करणारा बिंदू अंकांमध्येच लिहू की वेगळा, असं तुम्ही विचारलंय. वेगळा लिहा. ओईआयएसचा (संख्याक्रमांचा ऑनलाइन कोश) रिवाज हाच आहे: अंकांची सलग यादी, आणि बिंदूच्या डावीकडे किती अंक ते सांगणारा ऑफसेट. दशमान पायचा ऑफसेट १.

बेस बदलला की ऑफसेट पुन्हा काढावा लागतो, इथे बरेच जण घसरतात. बेस २ मध्ये पाय ११.००१००१… आहे, म्हणजे ऑफसेट २. मायसेल-मर्टेन्स दशमानात ०.२६१४९७…, ऑफसेट ०. पण तो अर्ध्याहून कमी आणि पावाहून थोडा जास्त, म्हणून बेस २ मध्ये ०.०१००००१०… असा सुरू होतो. बिंदूनंतरची सुरुवातीची शून्यं यादीत घेत नाहीत, इथे असं एक शून्य वगळलं, त्यामुळे ऑफसेट −१. जुनाच ० राहू दिलात तर संख्या दुप्पट झाली!

बेस १० च्या वर अक्षरांच्या (१० साठी A वगैरे) भानगडीत न पडता स्वल्पविराम द्या. बेस ६० मध्ये २ चं वर्गमूळ १;२४,५१,१० असं लिहितात. येल विद्यापीठाच्या संग्रहातल्या बॅबिलोनी पाटीवर हे अंक आहेत, पण तो अर्धविराम आधुनिक अभ्यासकांनी घातलेला. मुळात बिंदूची खूणच नाही, जागा वाचणाऱ्याने ओळखायची.

खरी काळजी घ्यायची ती शेवटच्या अंकांची. राउंड करू नका, सरळ तोडा, ३.१४१६ मधला ६ पायच्या त्या जागेवरचा अंक नाहीच. आणि प्रोग्रामिंगच्या भाषेतला तयार पाय घेऊन रूपांतर तर मुळीच नको. तो ज्या डबल प्रकारात साठवलेला असतो त्यात ५३ बिट (बेस २ चे अंक) असतात. बेस १६ मध्ये त्यातून ३, २, ४, ३, १५, ६, १०, ८, ८, ८, ५, १०, ३ एवढं बरोबर येतं आणि पुढे नुसती शून्यं. खऱ्या पायमध्ये त्यापुढे ०, ८, १३, ३ आहेत. दशमानातले १०० अंक हाताशी असतील तर बेस १६ चे साधारण ८३ निघतात, त्यातलेही शेवटचे दोन-तीन सोडून द्या. शेवटी ओळीने १५ किंवा ० आले तर जास्त अचूकतेने पुन्हा काढा, कारण हातचा कुठवर जाईल सांगता येत नाही.

बेस २ आणि १६ च्या फाइली एकमेकींशी ताडून बघा, बेस १६ च्या प्रत्येक अंकाचे चार बिट. पायच्या पहिल्या ३ चे ००११ होतात, त्यातली पुढची दोन शून्यं तेवढी टाकायची. बेस ३ ला ही सोय नाही, तिथे वेगळ्या अचूकतेने दोनदा काढून जेवढे अंक जुळतील तेवढेच ठेवा.